मदत हवी आहे: नायट्रेट 62 आलंय, पण हिशोब तर बसतोय

चिकोडी_बोअर: बोअरचं पाणी तपासून घेतलं. नायट्रेट लिटरला 62 मिलिग्रॅम, खाली शिक्का 'पिण्यास अयोग्य'. नेटवर वाचलं की रोज किलोमागे 3.7 मिलिग्रॅम चालतं. माझं वजन 70, म्हणजे 259. तीन लिटर प्यालो तरी 186. मग अयोग्य कसं? आरओवाला मागे लागलाय, उद्या त्याला उत्तर द्यायचंय. लवकर सांगा.

यल्लूरकर: 62 हे नायट्रेट म्हणून की नायट्रोजन म्हणून? नायट्रोजन असेल तर जवळजवळ साडेचारने गुणा.

निपाणी_अण्णा: उकळा, तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवा. आमच्यात तीन पिढ्या हेच पितात.

लॅबवाली: अण्णा, उकळल्यावर पाणी आटतं, नायट्रेट तिथंच राहतं. उलट दाट होतं. हंड्यानंही जात नाही. चिकोडी, मेथी-पालक खाता ना? त्यातलं नायट्रेटही 259 मध्ये धरा.

निपाणी_अण्णा: म्हणजे आता पालेभाजीपण बंद!

ऊसवाला: उसाला पोत्यावर पोती युरिया ओतायचा आणि बोअरला नावं ठेवायची. रिपोर्ट कन्नडमध्ये दिला की मराठीत? आम्हाला तर भांडून घ्यावा लागला.

बेळगावी_मावशी: टीडीएस किती? आमचं 900, केस गळतात. सॉफ्टनर कुठला बरा?

चिकोडी_बोअर: यल्लूरकर, 'एनओ3' लिहिलंय, म्हणजे नायट्रेट म्हणूनच. मावशी, टीडीएसचं राहू दे. घरात सगळे ठणठणीत आहेत. आईबाबा, मी, बाळंतपणाला आलेली बहीण.

लॅबवाली: थांबा. बाळ केवढं? अंगावर पितं की वरचं?

चिकोडी_बोअर: दोन महिन्यांचं. अंगावरचं पुरत नाही म्हणून पावडर, याच पाण्यात. उकळूनच देतो की! दिवसाला अर्धा-पाऊण लिटर.

लॅबवाली: वजन साडेचार किलो धरा. 0.65 लिटर गुणिले 62, म्हणजे 40. किलोमागे 9 झालं! आणि 3.7 हा आकडा तीन महिन्यांखालच्या बाळाला लागूच नाही. तो उंदरांवरून काढलाय: किलोमागे 370 पर्यंत त्रास दिसला नाही, त्याला 100 ने भागलं. पाण्याची मर्यादा वेगळी. डब्ल्यूएचओची 50 बाटलीवरची बाळं डोळ्यांसमोर ठेवून ठरलीय. आपल्याकडे 45, त्यात सवलत नाही. बाळाचं रक्त ऑक्सिजन वाहीनासं होतं. आज रात्रीपासून बाटलीला दुसरं पाणी घ्या. ओठ-नखं निळसर दिसली तर लगेच दवाखाना.

चिकोडी_बोअर: पंचायतीच्या नळाचं चालेल?

यल्लूरकर: त्याचा रिपोर्ट आहे?

चिकोडी_बोअर: नाही. कॅन आणायला निघालो.

लॅबवाली: आयएसआयचा, सीलबंद बघून घ्या. जंतूंसाठी एक उकळी द्याच, पण आटवू नका. आणि आरओनं नायट्रेट कमी होतं, कँडल फिल्टरनं नाही. आरओवाल्याला तेवढं सांगा.