फुल मॅरेथॉनच्या तयारीत मध्येच हाफ पळावी का? (सल्ला हवाय)

डोंबिवलीकर_धावतोय
नमस्कार मंडळी. जानेवारीत तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल (४२.२ किमी) आहे, माझी पहिलीच, वय ४१. आत्तापर्यंत चार हाफ (२१.१ किमी) झाल्यात, बेस्ट २ तास १४ मिनिटं. ऑफिसच्या ग्रुपने डिसेंबरात वसई-विरारची हाफ भरली आणि मी पण भावनेच्या भरात भरून टाकली, आता प्लॅन काढून बघतो तर त्याच रविवारी २६ किमीची लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) आहे, पुढच्या रविवारी २८ आणि त्याच्या पुढच्या रविवारी ३२. हाफनंतर फुलला जेमतेम पाच आठवडे उरतात. हाफ सोडून देऊ का, की पळू, आणि पळायची तर जोर लावून की आरामात? बायको म्हणते पैसे भरलेत तर जा, पण ती पळत नाही त्यामुळे तिचं मत धरता येत नाही :)

खडकवासला_एक्सप्रेस
सोडू नका हो. पाच आठवडे म्हणजे हाफसाठी बरी वेळ आहे, तीन आठवड्यांवर आली असती तर मीच नको म्हटलं असतं. आणि जोर लावून पळा, कारण त्याशिवाय फुलचा पेस (किलोमीटरला किती मिनिटं) काय ठेवायचा ते कळणार कसं? पीटर रीगलचं सूत्र आहे ना, अंतर दुप्पट झालं की वेळ २ चा १.०६ घात म्हणजे साधारण २.०८५ पट होतो. तुमच्या २:१४ वरून ४ तास ३९ मिनिटं येतात. फ्रेश हाफ मारा, ताजा आकडा हातात येईल.

येऊरचा_चढ
एक्सप्रेसराव, सूत्र बरोबर आहे पण ज्याचं आठवड्याचं रनिंग भरपूर आहे त्याच्यासाठी. आपल्यासारखे आठवड्याला ४०-४५ किमी करणारे लोक ३० किमीनंतर त्या सूत्राला भेटतच नाहीत, ते पुढे निघून जातं. शिवाय मुंबईत सुरुवात अंधारात होते म्हणून पहिले दोन तास मस्त वाटतं आणि मग ऊन आणि दमट हवा दोन्ही एकदम अंगावर येतात, तेव्हाच पेडर रोडचा चढ, साधारण ३५-३६ किलोमीटरला. चढ म्हणून तो काहीच नाही, येऊरला आम्ही वॉर्मअपला त्याहून जास्त चढतो, पण त्या वेळी पायांत काही उरलेलं नसतं. पहिली फुल आहे तर ४:५० ते ५ तास धरून चला.

मांडीत_गोळा
मी माझी गोष्ट सांगतो, मग ठरवा. दोन वर्षांपूर्वी असंच, फुलच्या आधी हाफ, मित्राबरोबर पैज लागली होती, पीबी (स्वतःची बेस्ट वेळ) मारला, ६ मिनिटांनी. खूप भारी वाटलं. सोमवारी सुट्टी घेतली आणि मंगळवारी प्लॅनमध्ये इंटरव्हल (मध्ये दम घेत जोरात पळायचे तुकडे) होते म्हणून प्लॅन पाळायचा या हट्टाने इंटरव्हल केले, चौथ्या रिपीटला डाव्या पोटरीत कोणीतरी मागून दगड मारावा तसं झालं, वळून पण बघितलं कोण आहे ते. कोणी नव्हतं. जानेवारीत मी पेडर रोडच्या फुटपाथवर उभा राहून लोकांना संत्र्याच्या फोडी वाटत होतो. हाफने नाही गेलो मी, हाफनंतरच्या मंगळवाराने गेलो. रेसच्या दर तीन किलोमीटरला एक दिवस सोपं पळायचं असा जुना हिशोब आहे, म्हणजे हाफला सात दिवस. तुमचं २८ बरोबर सातव्या दिवशी येतं, जोर लावणार असाल तर ते २० वर आणा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

सातारी_कंदी
आमच्या हिल हाफवाल्यांकडून एक भर. साताऱ्याचं टायमिंग घेऊन फुलचा हिशोब करू नका कोणी. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो पण मारतो तो उतार, पाऊस, धुकं, ओला रस्ता आणि सगळे सुसाट खाली. मी पहिल्या वर्षी तसाच आलो, पुढचे चार दिवस आमच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे एवढं सांगतो, बाकी समजून घ्या. वसईचा रस्ता तसा सपाट, तिथला आकडा तरी कामाचा.

अनवाणी_नाही
मला वाटतं प्रश्नच थोडा चुकतोय. दादा, तुमच्या तयारीतली सगळ्यात महत्त्वाची रन ३२ ची आहे आणि ती हाफनंतर दोनच आठवड्यांनी आहे. तिला धक्का लागेल असं काही करू नका. मी काय करते सांगू का, हाफ ही लाँग रनच समजायची. सुरुवातीच्या आधी २ किमी हळूहळू, मग हाफ फुलच्या पेसने, मेडल घेतल्यावर अजून ३ किमी. झाले २६. ५ तासांची फुल म्हणजे किलोमीटरला ७:०५ च्या आसपास, तसं हाफ अडीच तासांत येईल. अवघड एकच गोष्ट आहे, पहिल्या ५ किमीत ऑफिसचे सगळे पुढे जातात ते बघत बसणं. आणि रंगीत तालीम म्हणून वापरा हो, जे बूट, जे मोजे, जी चड्डी जानेवारीत घालणार तेच. जेल (पळताना खायची गोड पेस्टची पुडी) घेणार असाल तर तेच जेल, एकात साधारण २०-२५ ग्रॅम कार्ब असतात आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात, म्हणजे तासाला दोन तरी. पोटाला चालतं का ते तिथे कळू दे, सी लिंकवर नको कळायला. मला खजूर आणि चिमूटभर मीठ चालतं, नवऱ्याला खजुराने ढेकर येतात.

खडकवासला_एक्सप्रेस
ताईंचं पटलं. पहिल्या फुलसाठी तसंच करा. दुसऱ्या फुलला जोर लावा :)

डोंबिवलीकर_धावतोय
सगळ्यांना धन्यवाद. ताईंच्या पद्धतीने करतो. डोंबिवलीहून पहाटे वसई गाठणं अवघड म्हणून आदल्या रात्री नालासोपाऱ्याला आत्याकडे मुक्काम. ती रात्री वालाचं बिरडं करणार आहे, तिला कसं सांगू हा वेगळा धागा काढतो.

डोंबिवलीकर_धावतोय
अपडेट. झाली एकदाची. १२ पर्यंत शहाण्यासारखा ७:०५ ला धरून होतो, मग ऑफिसचा एक जण, जो एरवी लिफ्टशिवाय चढत नाही, तो चालताना दिसला आणि माझा ताबा सुटला, शेवट २:२४. पण दम लागला नव्हता, बोलत बोलत आलो. दुसरं जेल पोटात थोडं ढवळलं, पाणी कमी प्यायलो बहुतेक. मेडल गळ्यात घालून उलट्या दिशेने ३ किमी पळत होतो तर एक शाळकरी मुलगा जिवाच्या आकांताने ओरडतोय, काका फिनिश मागे राहिलं! आत्ता पाय ठीक आहेत, मंगळवारी फक्त चालणार. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, हे नॉर्मल आहे का?

अनवाणी_नाही
बूट अर्धा नंबर मोठा घ्या, पण आजच घ्या, ३२ च्या आधी दोन-तीन रन त्यात व्हायला हव्यात. आणि बिरडं खाल्लं का ते नाही सांगितलंत.

डोंबिवलीकर_धावतोय
दोन वाट्या.