पॉलिॲनिलीनवर एन्झाइम टिकत नाहीये, सल्ला हवा (सांगली)

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. सांगलीत एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्ट आहे द्राक्षांवरचा ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचा अंश पकडणारा सेन्सर. कार्बनच्या पट्टीवर पॉलिॲनिलीन या वीज वाहणाऱ्या पॉलिमरचे नॅनोतंतू चढवले, वर ॲसिटिलकोलिनएस्टरेझचा (ही कीटकनाशकं जे एन्झाइम बंद पाडतात ते) थेंब टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. पहिल्या दिवशी सिग्नल झकास, तिसऱ्या दिवशी निम्म्यावर. एन्झाइमची कुपी महागडी, अर्धी संपली. सर म्हणतात ईडीसी-एनएचएस (कार्बॉक्सिल आणि अमिनो गट जोडणारी रसायनं) मागव. लॅबमध्ये ग्लुटारल्डिहाइड (हेही जोडणारंच) पडून आहे. काय करू?

विश्रामबागकर
काही मागवायच्या आधी सांग, पट्टीचा रंग कोणता?

द्राक्षवेल
चढवली तेव्हा हिरवीगार. ७.४ पीएचच्या बफरमध्ये निळी पडते. मला वाटलं असंच असतं.

विश्रामबागकर
असतं असंच, पण तुझं एक दुखणं तिथेच आहे. हिरवं रूप वीज वाहतं. पीएच ४ च्या वर गेला की प्रोटॉन सुटतात आणि उरतं ते निळं, जवळजवळ विद्युतरोधक. एन्झाइमला मात्र ७-८ पीएच लागतो. म्हणजे पहिल्या दिवशीचा सिग्नल बहुधा खालच्या कार्बनच्या जिवावर आला. पुढच्या वेळी ॲनिलीनचं पॉलिमर बनवतानाच पॉलिस्टायरिन सल्फोनेट (आम्लगटांची लांब साखळी) घाल. एवढी लांब साखळी बफरमध्ये सुटून जात नाही, त्यामुळे उदासीन पीएचलाही थर बराचसा जिवंत राहतो.

दुसरं दुखणं वेगळं. नुसतं चिकटवलेलं एन्झाइम धुण्यात जातं. खात्री करून घे: पट्टी धुतलेल्या बफरमध्ये ॲसिटिलथायोकोलिन (एन्झाइमचं खाद्य) आणि एलमनचं द्रावण (ते खाद्य तुटलं की पिवळं होणारं) टाक. पिवळं झालं तर एन्झाइम पाण्यात गेलंय.

मिरजेचा_सतारिया
सरांशी थोडा असहमत. साध्या पॉलिॲनिलीनवर कार्बॉक्सिल गटच नाहीत, ईडीसी धरणार कशाला? एन्झाइमचेच कार्बॉक्सिल जागे केले तर रेणू एकमेकांनाच चिकटून बसतील. ईडीसीच वापरायचं तर ॲनिलीनबरोबर थोडं अमिनोबेन्झोइक ॲसिड घेऊन पॉलिमर कर. तेव्हा ट्रिस बफर अजिबात नको, त्याचा अमिनो गटच सगळं ईडीसी खातो. आणि बाटली फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नकोस, दमट हवेत माल वाया जातो. (आमच्याकडे एका पावसाळ्यात अख्खी बाटली गेली.)

मी असतो तर आधी ग्लुटारल्डिहाइड. ते पॉलिमर आणि एन्झाइम दोघांचेही अमिनो गट चिमट्यासारखे धरतं. फक्त हात आखडता ठेव, जास्त झालं की एन्झाइम घट्ट बसतं आणि मरतं. सोबत बीएसए हे साधं प्रथिन घाल, मार ते खातं.

बागायतदार_तासगाव
ताई, आमच्या निम्म्या फवारण्या भुरी आणि डाऊनीच्या. त्याचा अंश दाखवंल का तुमची पट्टी?

द्राक्षवेल
नाही काका. कीटकनाशकांतलीही ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट तेवढीच हे एन्झाइम बंद पाडतात. बुरशीनाशकं सहसा सुटतात.

विश्रामबागकर
त्यातही क्लोरपायरिफॉस जसंच्या तसं असेल तर फार कमी दिसेल. आधी ब्रोमिन वॉटरने ऑक्सिडाइझ करून त्याचं ऑक्सॉन रूप (एन्झाइमला खरं बंद पाडणारं) करावं लागतं. प्रबंधात हे स्पष्ट लिही, नाहीतर काकांसारखा परीक्षक तोंडीला नेमकं हेच विचारेल.

द्राक्षवेल
अपडेट: धुतलेलं बफर पाच मिनिटांत पिवळंधमक! आज ग्लुटारल्डिहाइडच्या चार पट्ट्या लावल्यात, चारही वेगवेगळ्या मात्रेच्या.