मदत हवी आहे: रीलोडिंग प्रेस बसवलेले टेबल हलते

ओळंबा
नमस्कार. काडतुसे पुन्हा भरण्याचा प्रेस बसवण्यासाठी मी लाकडी टेबल तयार केले आहे. दांडा खाली ओढला की टेबल पुढे झुकते, आणि दांडा वर नेताना त्याचे मागचे पाय आपटतात. वरची फळी अधिक जाड केली की हे थांबेल, असे मला वाटते. ती किती जाड असावी, एवढेच कृपया सांगावे. काम खोळंबले आहे, म्हणून उत्तर लवकर मिळाले तर बरे होईल.

गुण्या
जाडी सांगता येईल, पण त्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. प्रेस सिंगल स्टेज (दांड्याच्या एका ओढीत एकच काम करणारा) आहे की प्रोग्रेसिव्ह (एका ओढीत अनेक कामे करणारा)? आत्ताची फळी कशाची आहे? पुढचे पाय टेबलाच्या कडेपासून किती आत आहेत? आणि टेबल भिंतीला जोडलेले आहे की मोकळे उभे आहे?

ऐरण
लाकडाच्या नादी लागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 50 मिमीच्या लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंग करून घ्यावी आणि प्रेसखाली 6 मिमीची पोलादी पट्टी टाकावी. लाकडाचे सांधे हवामानाप्रमाणे फुगतात, आक्रसतात, आणि मग दर काही महिन्यांनी पाना घेऊन बोल्ट आवळत बसावे लागते.

ओळंबा
मी फक्त जाडी विचारली होती, पण आवश्यकच असेल तर सांगतो. प्रेस सिंगल स्टेज असून रायफलच्या पुंगळ्यांसाठी, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांसाठी आहे. फळी 18 मिमी पार्टिकल बोर्डची आहे. टेबल पुढून मागे 60 सेंटीमीटर आहे, पुढचे पाय कडेपासून 10 सेंटीमीटर आत आहेत आणि टेबल जमिनीवर मोकळे उभे आहे. वेल्डिंगची सोय माझ्याकडे नाही.

पितळी
टेबलाकडे वळण्यापूर्वी पुंगळ्यांना वंगण लावता का, ते सांगा. रायफलची पुंगळी कोरडीच डायमध्ये (तिला आकार देणाऱ्या साच्यात) घातली तर दांड्यावर अख्खे शरीर टाकावे लागते, आणि ती आत अडकून बसली की टेबल कितीही भक्कम असले तरी उपयोग नाही. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी कार्बाइड डाय असेल तर वंगणाशिवाय चालते. बाटलीसारख्या मानेच्या पुंगळ्यांना मात्र ते लागतेच. दांडा वर नेतानाही जोर लागत असेल, तर मानेच्या आतल्या बाजूलाही थोडे वंगण लावून पाहा.

ओळंबा
वंगण लावतो. तरीही टेबल हलतेच.

गुण्या
आता चित्र स्पष्ट झाले. पुंगळी दाबण्याचा प्रचंड जोर प्रेसच्या स्वतःच्या ओतीव चौकटीतच सामावतो. टेबलावर येतो तो फक्त तुमच्या हाताचा जोर आणि दांड्याच्या लांबीमुळे निर्माण होणारा पीळ. दांडा आडवा असताना त्याचे टोक कडेपासून 40 सेंटीमीटर पुढे आहे आणि तुम्ही 20 किलोचा जोर लावत आहात, असे धरू. प्रेसचे मागचे बोल्ट कडेपासून 8 सेंटीमीटर आत असतील, तर त्यांच्यावर वरच्या दिशेने सुमारे 100 किलोची ओढ येते. पार्टिकल बोर्ड नेमका तेथेच चुरतो, भोके मोठी होतात आणि प्रेस डुगडुगू लागतो.

झुकण्याचे कारण मात्र वेगळे आहे. पुढचे पाय 10 सेंटीमीटर आत असल्यामुळे टेबल त्यांच्यावरच कलते, आणि त्याच जोरात ते उचलले जाऊ नये यासाठी त्याचे वजन साधारण 50 किलो हवे. तेच पाय कडेच्या रेषेत आणले तर सुमारे 27 किलो पुरतात. म्हणून केवळ जाडी वाढवून हे दुखणे जाणार नाही.

माझा सल्ला असा: 18 मिमी प्लायवूडच्या दोन फळ्या पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावून एकमेकींना चिकटवा, पाय पुढे आणा, समोरच्या कडेखाली 38 × 89 मिमीची उभी लाकडी पट्टी बसवा आणि मागच्या पायांवर प्लायवूडचा तक्ता स्क्रूने पक्का बसवा, म्हणजे टेबल डावी-उजवीकडेही डोलणार नाही. बोल्ट फळीच्या आरपार जावेत आणि खालून साध्या वॉशरऐवजी पोलादी पट्टी असावी.

ऐरण
एवढा खटाटोप करून शेवटी खालून पोलादी पट्टीच लावायची असेल, तर चौकटही लोखंडाचीच का नको?

गुण्या
कारण तुमचीही चौकट मोकळी उभी राहिली तर कलेलच. प्रश्न वजनाचा आणि पायांच्या जागेचा आहे. टेबल भिंतीला पक्के जोडता आले, तर तुमचे किंवा माझे कोणतेही चालेल.

ऐरण
भिंतीला जोडण्याबाबत दुमत नाही. मात्र पुढे प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्यायचा असेल, तर माझे म्हणणे जरूर आठवा. अशा अनेक प्रेसमध्ये दांडा शेवटी पुढे ढकलून प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) बसवावा लागतो, आणि टेबल थोडेसे जरी हादरले तरी भरलेल्या पुंगळीतून बंदुकीच्या दारूचे कण सांडतात.

तराजू
हे कोणी विचारलेले नाही, तरीही लिहितो, कारण ते महत्त्वाचे आहे. दारू मोजण्याचा काटा प्रेसच्या टेबलावर ठेवू नये. भिंतीवर वेगळी फळी लावून त्यावर ठेवावा. दांड्याच्या प्रत्येक ओढीने काटा थरथरतो आणि वजनावर विश्वास ठेवता येत नाही. खिडकीच्या वाऱ्यानेही तेच होते. दारू मूळ डब्यातच, उष्णतेपासून दूर असावी. टेबलाला वजन हवे म्हणून खालच्या कप्प्यात तिचा साठा करू नये. त्यासाठी वाळूच्या पिशव्या उत्तम.

ओळंबा
आभारी आहे. पाय पुढे आणतो, दुहेरी प्लायवूड घेतो आणि मागची कड भिंतीला जोडतो. एकच शंका उरली: समोरची उभी पट्टी प्रेसच्या खालच्या हालचालीत अडकणार नाही का?

गुण्या
अडकू शकते, म्हणून भोके आधी पाडू नका. पट्टी बसवल्यावर प्रेस कडेवर नुसता क्लॅम्पने धरा, दांडा पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत सावकाश फिरवा आणि खालचा जोडदांडा जेथे घासेल तेथे पेन्सिलने खूण करा. तेवढीच खाच पट्टीत काढा आणि मगच बोल्टची भोके पाडा. बसवण्यापूर्वी प्रेसची उंचीही तपासा: दांडा अगदी खाली असताना तुम्हाला कमरेत वाकावे लागता कामा नये.