रिबूट केलं की एसडीबी ची एसडीसी होते, हे नाव ठरवतं तरी कोण?

डेटावाली_डिस्क
मंडळी, दोन दिवस डोकं चालेना म्हणून विचारतोय. लिनक्सच्या मशीनमध्ये आधी दोन साटा डिस्क होत्या, लिनक्सने त्यांना दिलेली नावं एसडीए आणि एसडीबी, सिस्टिम एसडीए वर आणि सगळा डेटा एसडीबी१ वर (म्हणजे एसडीबी चं पहिलं पार्टिशन, डिस्कचा भाग), एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) तसंच लिहिलेलं, तीन वर्षं काही त्रास नाही. परवा तिसरी कोरी डिस्क लावली आणि मशीन चालू केलं तर दीड मिनिट नुसतं थांबलं नि थेट इमर्जन्सी मोड (बूट अर्धवट थांबून नुसती दुरुस्तीची कमांड लाइन). बघतो तर नवी डिस्क एसडीबी होऊन बसलीये आणि माझी डेटावाली एसडीसी. एफएसटॅबमध्ये एसडीसी१ केलं, चाललं. काल रिबूट केलं तर परत उलटं! केबलला हातसुद्धा लावला नव्हता. आता नवी डिस्क फॉरमॅट करायचीये पण चुकून डेटावालीच उडाली तर? आणि डेव्ह मध्ये (डिस्कसारख्या उपकरणांच्या फाइल असतात त्या फोल्डरमध्ये) एलएस -एल केल्यावर साइजच्या जागी ८, १६ असे आकडे दिसतात ते काय असतं?

कर्नल_वाचक
थांबा, फॉरमॅट अजिबात करू नका अजून.

एसडीबी हे त्या डिस्कचं नाव नाहीये, रांगेतला नंबर आहे. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जी डिस्क आधी सापडली ती ए, मग बी, मग सी, झेड संपलं की एए. डिस्क शोधायचं काम एकाच वेळी समांतर चालतं, त्यामुळे एखादी डिस्क फिरून तयार व्हायला अर्धा सेकंद जास्त लागला तरी क्रम बदलतो, केबल हलवायची गरजच नाही. तीन वर्षं चाललं ते नशीब म्हणा.

जुन्या आयडीई च्या (साटाच्या आधीच्या जोडणीच्या) काळात असं नव्हतं. एचडीए म्हणजे पहिल्या केबलवरची मास्टर (केबलवरच्या दोन डिस्कपैकी पहिली), एचडीसी म्हणजे दुसऱ्या केबलवरची मास्टर, मधली डिस्क काढून टाकली तरी एचडीसी ही एचडीसीच राहायची, नाव म्हणजे जागा. नंतर या डिस्कही एसडी मध्येच आल्या आणि ते नातं तुटलं, पण सवय आपली तीच राहिली. एनव्हीएमई (नव्या वेगवान एसएसडी) चं एनव्हीएमई०एन१ दिसायला पक्कं वाटतं, पण त्यातलं ० पण सापडलेल्या क्रमाचंच.

एफएसटॅबमध्ये यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा स्वतःचा लांबलचक ओळख-क्रमांक) टाका. एलएसबीएलके -एफ केलं की प्रत्येक पार्टिशनसमोर दिसतो, तो फाइलसिस्टिमच्या आतच लिहिलेला असतो, डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, बदलत नाही.

मेजर_मायनर
आकड्यांचं मी सांगतो, माझा आवडता विषय आहे हा. पहिला मेजर, दुसरा मायनर. मेजर म्हणजे कुठला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कर्नलचा भाग), मायनर म्हणजे त्या ड्रायव्हरची कितवी वस्तू. एसडी डिस्कना मेजर ८. प्रत्येक डिस्कला १६ मायनर राखून ठेवलेले, एक अख्ख्या डिस्कला आणि १५ पार्टिशनना, म्हणून एसडीए ८, ०, एसडीए१ ८, १ आणि एसडीबी सुरू होते ती ८, १६ पासून, एसडीसी ८, ३२. पूर्वी मायनर ८ बिटचाच असायचा म्हणजे २५६, त्यात १६ डिस्क मावतात, एसडीपी पर्यंत. म्हणून सतरावी एसडीक्यू एकदम ६५, ० ला जाते. कर्नल २.६ पासून मेजर १२ बिट आणि मायनर २० बिट झाला तरी हे जुने आकडे तसेच ठेवलेत.

गंमत म्हणजे डेव्ह मधली फाइल उघडताना कर्नल नाव बघतच नाही, हे दोन आकडे बघतो. रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊन डेव्ह मध्ये एमकेनॉड माझीडिस्क बी ८ १६ (अशी फाइल बनवायची कमांड) करून बघा, माझीडिस्क आणि एसडीबी दोन्हीतून तीच डिस्क वाचली जाईल. पण हे आकडेही सापडलेल्या क्रमानेच वाटले जातात, त्यामुळे ओळख म्हणून तेही धरायचे नाहीत.

क्लोन_करणारा
यूयूआयडी बरोबरच आहे, फक्त डीडी ने (जशीच्या तशी कॉपी करणाऱ्या कमांडने) अख्खी डिस्क क्लोन केली तर यूयूआयडी पण तस्साच कॉपी होतो, दोन्ही डिस्क एकाच वेळी लावल्या तर कुठली माउंट होईल (वापरासाठी जोडली जाईल) सांगता येत नाही (एक्सएफएस फाइलसिस्टिम असेल तर दुसरी माउंट करायला सरळ नकार देते). मी यात एकदा अख्खी दुपार घालवलीये.

फॉरमॅट करताना यूयूआयडी चा उपयोग नाही कारण कोऱ्या डिस्कवर तो नसतोच. तिथे डेव्ह/डिस्क/बाय-आयडी बघा, त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, यूडेव्ह (डेव्ह मधल्या फाइल सांभाळणारा प्रोग्राम) त्या लिंक बनवतं. डिस्कवरच्या लेबलशी सिरियल जुळवा आणि फॉरमॅटच्या कमांडमध्ये तोच लांबलचक पाथ टाका, एसडी काहीतरी टाइपच करू नका.

कर्नल_वाचक
अजून एक, एफएसटॅबमधल्या डेटाच्या ओळीत नोफेल हा पर्याय टाका. तुमचं दीड मिनिट म्हणजे सिस्टिमडी (बूट करताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) डिस्कची वाट बघत होतं, डीफॉल्ट ९० सेकंद. नोफेल असलं तर डिस्क नाही सापडली तरी मशीन बूट होतं. आणि रिबूटच्या आधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय (एफएसटॅब तपासायची कमांड) करून बघा, ओळीत चूक असेल तर तिथेच कळेल.

डेटावाली_डिस्क
केलं सगळं. मशीन उघडून लेबलवरचा सिरियल शेवटच्या चार आकड्यांपर्यंत दोनदा जुळवला, मग बाय-आयडी च्या पाथने फॉरमॅट. त्यानंतर मुद्दाम पाच वेळा रिबूट केलं, दोन वेळा बी आणि सी ची अदलाबदल झाली आणि डेटा पाचही वेळा आपल्या जागी. तुम्हा सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. आता बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पण एसडीसी१ लिहिलेलं सापडलंय, तिकडे वळतो.