उन्नत रेल्वे जुनीच आहे
कुणीतरी लिहिलंय की, रस्त्यावरून उंच धावणारी रेल्वे ही आजकालची कल्पना आहे. तसं नाही. शिकागोत १८९२ सालीच अशा मार्गावर वाफेची इंजिनं धावत होती. १८९३ ची लिव्हरपूलची गोदीकाठची उन्नत रेल्वे तर पहिल्या दिवसापासून विजेवर, आणि ही मला फार मोठी झेप वाटते! न्यूयॉर्कमध्ये वाफेच्या काळात खालच्या लोकांवर राख आणि तेल पडायचं. मॅनहॅटनमधला थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचा मार्ग शेवटी १९५५ साली बंद झाला.

आपल्या इंदूर मेट्रोचा ३१ मे २०२५ ला सुरू झालेला टप्पाही उन्नतच आहे, पण तो ज्या रस्त्यावर आहे तो सुपर कॉरिडॉर रुंद, मोकळा. राजवाड्यापाशी मात्र मेट्रो भुयारीच हवी. होळकरांच्या वाड्यासमोर काँक्रीटचे खांब मला तरी बघवणार नाहीत.