मालरिक्षाच्या मोटारीत निओडिमियम कशाला? चुंबक कमी करा, फ्लक्स ताब्यात ठेवा

वाळूजचा डिझायनर
वाळूजला एका छोट्या कारखान्यात मोटारी डिझाइन करतो. आपल्याकडच्या मालवाहू ई-रिक्षांना नुसत्या निओडिमियमच्या, म्हणजे त्या जोरदार चुंबकांच्या, जोरावरची मोटार नको, असं माझं ठाम मत झालंय.

मे महिन्यात एक मोटार परत आली. तक्रार एवढीच, की चढाला गाडी दम टाकते. वाइंडिंग (तांब्याच्या तारेचे वेढे) शाबूत, बेअरिंग शाबूत. शाफ्ट लेथला धरून फिरवला. मोकळ्या टोकांवर ३८ व्होल्ट यायला हवे होते, आले ३३. रात्रभर गार होऊ दिली, सकाळी पुन्हा ३३च. चुंबकाचा जोरच उतरला होता.

वेग वाढला की चुंबकांमुळे वाइंडिंगमध्ये उलटं व्होल्टेज तयार होतं. वेग दुप्पट, व्होल्टेज दुप्पट. ते बॅटरीच्या बरोबरीला आलं की करंट आत शिरत नाही. मग आणखी वेगासाठी कंट्रोलर स्टेटरमधून, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागातल्या वाइंडिंगमधून, असा करंट सोडतो जो चुंबकाचा फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) दाबतो. त्या करंटचा टॉर्कला, म्हणजे फिरवायच्या ताकदीला, उपयोग नाही, तांबं मात्र तापतं. वरून ४२-४३ अंशांचं ऊन. निओडिमियमचा जोर दर अंशाला साधारण ०.१२ टक्के घटतो, तो गार झाल्यावर परत येतो. पण उलटा फ्लक्स सोसायची ताकद त्याहून कितीतरी झपाट्यानं घटते, आणि तिथं एकदा हद्द ओलांडली की गेलेलं परत येत नाही.

म्हणून रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, लोखंडातच वळणदार फटी कापाव्यात, बराचसा टॉर्क रिलक्टन्सचा (लोखंड फ्लक्सच्या सोप्या वाटेकडे ओढलं जातं त्याचा) घ्यावा आणि फटींत फेराइट हे साधं चुंबक बसवावं. तसा एक नमुना आम्ही केलाय. फेराइटचा जोर निओडिमियमच्या जेमतेम एक तृतीयांश, पण तापल्यावर ते उतरण्याचा धोका उलट कमी होतो. त्याला भीती कडाक्याच्या थंडीची.

परभणीकर, सध्या पुण्यात
दादा, दोष चुंबकाचा नाही, खरेदीचा आहे. ८० अंशांपर्यंतचा स्वस्त ग्रेड बसवला असणार. १५० अंश सोसणारा ग्रेड घ्या, तक्रार यायची नाही. आणि मालरिक्षा पळणार किती? गिअरचं प्रमाण नीट धरलं तर फ्लक्स दाबायची वेळ क्वचित येते. फेराइटसाठी मोटार मोठी होणार, तेवढा माल कमी बसणार.

वाळूजचा डिझायनर
ग्रेडचं बरोबर आहे, तो स्वस्तातलाच निघाला. पण उष्णता सोसणाऱ्या ग्रेडला डिस्प्रोशियम हा दुर्मिळ धातू लागतो. चीननं एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हा भल्याभल्यांचे पुरवठे अडकले. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

जालन्याचा वाइंडिंगवाला
भाऊ, तुम्ही दोघं चुंबकावरच बोलायलेत. मी २२ वर्षं मोटारी भरतो. चुंबकाचा रोटर बाहेर काढताना पक्कड हातातून ओढून घेतो, बोट मध्ये आलं तर चेंगरलंच. माझ्या पोरानं एक रोटर ठोकून काढला, निकेलचा मुलामा उडाला अन् कोपरा टवका होऊन पडला. असला रोटर मी कुठून आणून देऊ? इंडक्शन मोटारीत चुंबकच नाही, रोटरात ॲल्युमिनियमच्या सळ्या, बस. फ्लक्स वाइंडिंगच्या करंटवर, कमी पाहिजे तर करंट कमी.

परभणीकर, सध्या पुण्यात
मामा, त्या सळ्यांतही करंट वाहतो आणि रोटर तापतो. तेवढ्याच चार्जिंगवर गाडी कमी पळणार. ड्रायव्हर आधी तेच मोजतो.

वाळूजचा डिझायनर
मामांचं म्हणणं पुरतं सोडून देऊ नका. रेनोच्या झोई गाडीत रोटरवर चुंबक नव्हतं, वाइंडिंग होतं. ब्रशमधून करंट द्यायचा, फ्लक्स हवा तेवढा.

जालन्याचा वाइंडिंगवाला
ब्रश मी दहा मिनिटांत बदलून देतो. पण आमच्याकडच्या कच्च्या रस्त्याची धूळ आत गेली तर ब्रश टेकतात त्या रिंगा घासतील, ते आधी बघा. झाकण घट्ट करा म्हणाल, तर मग हवा कुठून जाणार?

परभणीकर, सध्या पुण्यात
हाच तर प्रश्न आहे. आणि दादा, फेराइटच्या नमुन्याचं वजन अजून सांगितलं नाहीत.

वाळूजचा डिझायनर
१४ किलो ६००. निओडिमियमची ११ होती. वाढलं, मान्य आहे. पण सलग दोन तास लोडवर चालवून गार झाल्यावर लेथला लावली, व्होल्टेज जिथल्या तिथं होतं.