पावसाळा सरल्यावरची बाग आणि आपली मुकी माणसं: तुमचे अनुभव लिहा

अंगणवेडी
आज पहाटे समोरच्या सोसायटीतून प्राजक्ताचा वास आला आणि एकदम वाईचं घर आठवलं. पाऊस गेला की आमचं घर परसात राहायला यायचं. गाद्या, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं उन्हात. सर्वांत आधी हलायचा काळ्या. चार महिने पडवीत अंग चोरून बसलेला हा कुत्रा घटस्थापनेच्या सुमारास प्राजक्ताखाली मुक्काम टाकायचा. पहाटे झाड गळायचं. उजाडेपर्यंत त्याच्या काळ्याभोर पाठीवर पांढरी फुलं आणि केशरी देठ. हलायचा नाही, शेपूटसुद्धा नाही. आई त्याच्या अंगावरची सोडून बाकीची वेचायची. आजी म्हणायची, "अगं, प्राजक्त भुईवर पडलेला देवाला चालतो, मग याच्या पाठीवरचा का नको?" आणि ती ओंजळ ती स्वतः बाळकृष्णाला वाहायची.
काळ्याला जाऊन 22 वर्षं झाली. तुमच्या बागेत कोण होतं?

खळ्यातला
आमच्याकडे मनी. कोकणात भातकापणी आणि अंगण करायची वेळ एकच. आई खळं चोपून, सारवून उठायची आणि ही बरोब्बर मधूनच चालत जायची. पावलं उमटली की आई ओरडायची, पण परत हात फिरवायची नाही. तुळशीच्या लग्नाला रांगोळी त्या पावलांच्या बाजूबाजूने काढलेली आठवते. भात झोडून झालं की मनीची झोप पेंढ्यावर, उंदीरही तिथेच मिळायचे. बाकी नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

दोनपोरांचीआई
अंगणवेडी, आजीचं वाचून डोळ्यात पाणी आलं गं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

मावळा
किल्ला! हळीव पेरायचो, तीन-चार दिवसांत हिरवंगार व्हायचं आणि आमच्या बोक्याला तीच गादी वाटायची. सकाळी बघावं तर बालेकिल्ल्याखाली हा गोल झोपलेला, सगळे मावळे लवंडलेले. धाकटी बहीण रडायला लागली की बाबा म्हणायचे, "अगं, गडावर वाघ आलाय, नशीब समज." ती लगेच गप्प.

मेपलखाली
इकडे न्यू जर्सीत सध्या पानंच पानं. आपल्याकडे पानगळ शिशिरात, इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच झाडं मोकळी होतात. नवरा दोन तास दाताळ्याने ढीग करतो आणि आमची जिलबी (लॅब्राडोर, 6 वर्षं) धावत येऊन त्यात उडी मारते. परत ढीग, परत उडी. मग मुलंही. पण ज्यांच्याकडे कुत्री आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा: पानांच्या ढिगात गोचिडी असतात, थंडी सुरू झाली तरी. काळ्या पायांच्या गोचिडीने लाइम हा आजार होतो, माणसांनाही. आम्ही रोज संध्याकाळी कानामागे, काखेत, बोटांच्या मध्ये बोटं फिरवून बघतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, ते मात्र जिलबीला कोण सांगणार? जुन्या वेळेला वाटी घेऊन हजर.

कुंडीवाली
जिलबी नाव फार आवडलं 😄
एक विचारायचं होतं. पाऊस थांबल्यापासून आमची माऊ कुंडीतलं एक तण उकरते आणि मुळाला तोंड घासून लोळत बसते. विषारी नाही ना?

खळ्यातला
कणसासारखा तुरा, त्यावर हिरव्या वाट्या, पानांना दातेरी कडा? मग खोकली ती. कुप्पी पण म्हणतात. मांजरांना तिच्या मुळाचं वेडच असतं. मनी करवंदीच्या जाळीखालून शोधून काढायची.

कुंडीवाली
हो हो, वाट्या आहेत! नाव कळलं, धन्यवाद दादा. आता उपटत नाही.

दोनपोरांचीआई
शेवंतीची कुंडी मात्र वर ठेव हो. कुत्र्यामांजरांना बाधते, आमच्या पप्पीला उलट्या झाल्या होत्या. आणि कोजागिरीला दोन लिटर दूध कितीवर आटवता सगळ्या? माझं दर वर्षी पातळच राहतं.

मावळा
दीड लिटरवर. मग बदामाची पूड.

शेंडेफळ
माझा अनुभव आनंदाचा नाही, पण लिहिते. 2016 ची दिवाळी. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्यांना त्याच्या दुपटीहून वर. हे मला नंतर कळलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री माळ लागली आणि आमचा राजा कुंपणावरून उडी मारून गेला. पाडवा गेला, भाऊबीज गेली. ओवाळताना कुणी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा झेंडूची वाळलेली रोपं काढायला गेले, तर हा कढीपत्त्याच्या बुंध्याशी, चिखलाने माखलेला. बाबा तिथेच मातीत बसले. बाबांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. तेव्हापासून दिवाळीत आतल्या खोलीत खिडक्या लावून, रेडिओ लावून, कुणीतरी एक जण त्याच्याजवळ बसतंच. यंदा माझी पाळी आहे.

मेपलखाली
शेंडेफळ, राजाला माझ्याकडून कानामागे खाजव.

अंगणवेडी
सगळं वाचून न राहवून आईला फोन केला. प्राजक्त अजून आहे, म्हणाली, आता खाली शेजारची भुरी मांजर बसते. फोटो पाठव म्हटलं तर म्हणे, "आता काय दिसणार? पहाटे काढते, फुलं पडली की."